पन्नास वर्षांत दीड नॉट

दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. ९ सप्टेंबर १९१९ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या ब्रा दॉर सरोवरावर 'एचडी-४' नावाच्या हायड्रोफॉइल बोटीने ताशी ११४ किलोमीटर वेग गाठला. बोट होती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि केसी बाल्डविन यांची. हो, तोच टेलिफोनवाला बेल, तेव्हा ७२ वर्षांचा. दुसरा आकडा १९६९ सालचा. कॅनडाच्या नौदलाने बांधलेली हायड्रोफॉइल युद्धनौका चाचणीत ६३ नॉटवर पोचली, म्हणजे ताशी साधारण ११७ किलोमीटर. तिचं नाव त्या सरोवरावरूनच ठेवलेलं, 'ब्रा दॉर'.

बेलचा वेग नॉटमध्ये केला तर साडेएकसष्ट येतो. म्हणजे मधल्या पन्नास वर्षांत जेट इंजिन आलं, संगणक आला, माणूस चंद्रावर गेला, आणि इथे फरक पडला दीड नॉटचा.

तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य. एचडी-४ साठ फूट लांब, पाचेक टन वजनाची, शांत सरोवरात धावणारी बोट. दुसरी दोनशे टनांहून जड, अटलांटिकच्या लाटांवर चालवायची. तरीही पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी हे दोन आकडे शेजारी शेजारी वहीत लिहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला 'टॉपिक' म्हणतोय ती प्रत्यक्षात एक भिंत आहे. त्या भिंतीचं नाव कॅव्हिटेशन.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हायड्रोफॉइल म्हणजे पाण्याखाली चालणारा पंख. बोटीच्या खाली दांड्यांवर तो बसवतात. वेग वाढला की पंख बोटीला उचलतो, बुड पाण्याबाहेर येतं आणि पाण्याचा विरोध एकदम कमी होतो. विमानाच्या पंखासारखंच इथेही वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि त्या फरकातून लिफ्ट मिळते. पण हवेत आणि पाण्यात एक मोठा फरक आहे. हवेचा दाब कितीही कमी केला तरी ती हवाच राहते. पाणी उकळतं.

उकळायला उष्णता लागते असं आपण शाळेपासून धरून चालतो. महाबळेश्वरला पाणी शंभराच्या आतच उकळतं हे भूगोलाच्या तासाला ऐकलेलं असतं, पण ते तिथेच राहतं. तेच पुढे न्या. ३० अंशाचं पाणीसुद्धा उकळेल, फक्त दाब साधारण ४ किलोपास्कलपर्यंत उतरला पाहिजे. वातावरणाचा दाब १०१. वेगवान फॉइलच्या पाठीवर दाब तिथवर सहज उतरतो. पाणी थंडच असतं, पण त्यात वाफेच्या पोकळ्या तयार होतात. हेच कॅव्हिटेशन.

हा त्रास पहिल्यांदा समोर आला तो हायड्रोफॉइलमध्ये नाही, प्रोपेलरमध्ये. प्रोपेलरचं पातं म्हणजे गोल फिरणारं फॉइलच, त्यामुळे गोष्ट आपलीच आहे. १८९३-९४ साली ब्रिटिश नौदलाची 'डेअरिंग' ही विनाशिका २७ नॉटसाठी बांधली होती, पण ती २४ च्या आसपास अडकली. इंजिन ताकद देत होतं, प्रोपेलर फिरत होता, जहाज पुढे जात नव्हतं. थॉर्नीक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी पाती रुंद केली. तोच जोर जास्त क्षेत्रफळावर वाटला गेला, त्यामुळे पात्याच्या पाठीवरचा दाब तितका खाली उतरेना, आणि डेअरिंगने ठरलेला वेग ओलांडला. 'कॅव्हिटेशन' हा शब्द त्यांना सुचवला आर. ई. फ्राउड यांनी.

पण मला जास्त शिकवलं ते चार्ल्स पार्सन्सने. त्याची 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी जगातली पहिली बोट, १८९४ ची. पहिल्या चाचण्या वाईट गेल्या. एकामागून एक प्रोपेलर बदलले, पण पावणेवीस नॉटच्या वर बोट जाईना. आता इथे थांबून विचार करा. तुमचं यंत्र नवीन आहे, जगाचा त्यावर विश्वास नाही, आणि निकाल वाईट येतोय. दोष कशात असेल? सगळे म्हणणार, टर्बाइनमध्ये. पार्सन्सने वाद घातला नाही. त्याने टर्बाइन आणि प्रोपेलरच्या मध्ये स्प्रिंगचं एक मापक बसवलं आणि शाफ्टमधून खरोखर किती ताकद जाते ते मोजलं. ताकद पुरेशी जात होती. खोट प्रोपेलरमध्ये होती.

मग त्याने केलं ते माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं काम. १८९५ साली तांब्याच्या नळीची बंद चौकट बनवली, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या ठेवल्या आणि आत दोन इंच व्यासाचा चिमुकला प्रोपेलर फिरवला. आर्क दिव्याचा प्रकाश फिरत्या आरशावरून पाडून प्रत्येक फेरीत क्षणभरच उजेड पडेल अशी व्यवस्था केली, म्हणजे फिरणारा प्रोपेलर स्थिर दिसावा. पण खरी मेख पुढे आहे. इतक्या छोट्या प्रोपेलरवर पोकळ्या पाडायच्या तर तो भयंकर वेगात फिरवावा लागला असता. पार्सन्सने वेग वाढवला नाही. हवेचा पंप लावून पाण्यावरचा दाब उतरवला. मिनिटाला दीडेक हजार फेऱ्यांतच पोकळ्या दिसायला लागल्या.

आज आपण हे 'कॅव्हिटेशन नंबर' म्हणून एका ओळीत शिकतो: पाण्याचा दाब वजा बाष्पदाब, भागिले गतीमुळे येणारा दाब. पार्सन्सपाशी ही ओळ छापील नव्हती, पण कल्पना पूर्ण होती. महत्त्वाचं काय, तर वेग आणि दाब यांचं गुणोत्तर. वेग वाढवता येत नसेल तर दाब कमी करा. त्याची ती तांब्याची चौकट अजून न्यूकॅसल विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. टर्बिनियाला शेवटी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ प्रोपेलर बसवले, आणि २६ जून १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात ती ३४ नॉटच्या आसपास वेगाने जहाजांच्या रांगांमधून सुसाट गेली. ही गोष्ट सगळीकडे रंगवून सांगितली जाते. त्या स्प्रिंगच्या मापकाची कुणी सांगत नाही.

पुढचा अध्याय धातू खाण्याचा. 'लुसिटानिया' आणि 'मॉरेटानिया' या मोठ्या प्रवासी जहाजांच्या प्रोपेलरवर थोड्याच काळात खड्डे पडले, धातू वाळवी लागल्यासारखा पोखरला गेला. आधी वाटलं रासायनिक गंज असेल. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली गणित मांडलं: पोकळी पुन्हा जास्त दाबाच्या भागात गेली की चारी बाजूंचं पाणी तिच्यावर कोसळतं, आणि शेवटच्या क्षणी केंद्राजवळचा दाब प्रचंड वाढतो. त्यांच्या सूत्रात आकडे घालून बघा. एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी वातावरणाच्या दाबाखाली मिटायला सुमारे ९० मायक्रोसेकंद घेते. पार्सन्स आणि स्टॅनले कुक यांनी पाण्यात पोकळ शंकू आपटून, आतली पोकळी टोकाशी मिटताना धातूची पत्री भोकलते, हे प्रयोगाने दाखवलं. वाफेचे बुडबुडे पितळ फोडतात हे तेव्हा लोकांनी कसं पचवलं असेल, कोण जाणे.

आता हायड्रोफॉइलकडे परत. एक हिशेब करू. फॉइल एक मीटर खोल आहे. २५ नॉटला कॅव्हिटेशन नंबर येतो साधारण १.३. वेग दुप्पट करा, ५० नॉट, की तो चौथाई होतो, ०.३२. याचा अर्थ असा की ५० नॉटला फॉइलच्या पाठीवर कुठेही दाबाची घट गतिदाबाच्या एक तृतीयांशाहून जास्त होता कामा नये. झाली की पाणी उकळलं. त्यातच बोटीचं वजनही उचलायचं आणि लाटांमुळे कोन बदलत राहणार तोही सोसायचा. म्हणून साध्या फॉइलच्या बोटी ४५-५० नॉटच्या आसपास थबकतात. बोइंगची जेटफॉइल १९७५ पासून हाँगकाँग-मकाऊ मार्गावर धावू लागली ती ४५ नॉटच्या सुमारास. ही भिंत ओळखून तिच्या अलीकडे राहणारं ते यशस्वी डिझाइन.

भिंत ओलांडली तर काय होतं? पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते की पोकळी आली की लिफ्ट लगेच पडते. तसं नसतं. पुढच्या कडेवर छोटी पोकळी चिकटून बसते तेव्हा फॉइल जणू थोडं जाड, जास्त वाकडं झाल्यासारखं वागतं आणि लिफ्ट कधीकधी किंचित वाढतेसुद्धा. मोह इथेच पडतो. पोकळी लांबत फॉइलच्या अर्ध्या-पाऊण रुंदीपर्यंत गेली की तिच्या शेपटाकडून पाण्याची धार उलटी आत शिरते, पोकळी तोडते, तुकडा ढगासारखा वाहून जातो, पुन्हा नवी वाढते. सेकंदाला कित्येकदा. लिफ्ट वरखाली होते, ड्रॅग वाढतो, सगळा सांगाडा थरथरतो. मी पहिल्यांदा टनेलपाशी उभा राहून तो आवाज ऐकला तेव्हा नळीतून खडी वाहतेय असं वाटलं होतं.

याच्याही पलीकडे गेलं की पोकळी अख्ख्या फॉइलला झाकून मागे निघून जाते. तिला सुपरकॅव्हिटेशन म्हणतात. थरथर थांबते, पोकळी धातूपासून लांब मिटते म्हणून पोखरणंही कमी होतं. पण किंमत मोजावी लागते. वरच्या बाजूचा दाब बाष्पदाबाच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे वरून ओढणारा हात गेला. उरली खालून मिळणारी ढकल. सपाट पट्टीचं गणित सांगतं की छोट्या कोनाला मिळणारी लिफ्ट एक चतुर्थांशावर येते. १९५० च्या दशकात अमेरिकेत मार्शल ट्युलिन यांनी पोकळीशी भांडायचं सोडून तिलाच धरून फॉइलचे आकार काढले: पुढची कड धारदार, खालची बाजू नीट वाकवलेली. त्या काळी सगळ्यांना वाटलं की आता शंभर नॉट फार लांब नाहीत. १९६३ साली अमेरिकन नौदलाचं 'फ्रेश-१' हे प्रायोगिक यान ८० नॉटच्या पुढे गेलंही. त्याला ढकलणारं जेट इंजिन मात्र हवेत होतं, जसे बेलचे पंखे हवेत होते. त्याच वर्षी ते चाचणीत उलटलं.

इथवरची गोष्ट वीरांची वाटते. म्हणून आता १९६६.

वेगवेगळ्या देशांतल्या टनेलांमध्ये एकाच आकाराच्या मॉडेलवर कॅव्हिटेशन कधी सुरू होतं, याची तुलना करायचं ठरलं. त्या वर्षी टोकियोच्या आंतरराष्ट्रीय टोईंग टँक परिषदेत लिंडग्रेन आणि जॉन्सन यांनी निकाल मांडले. आकार तोच, व्याख्या तीच, आणि उत्तरं कमालीची पांगलेली. सुरुवातीचा आकडा तर वेगळाच, पण फोटोंत पोकळीचं रूपसुद्धा वेगळं: कुठे सुटे बुडबुडे, कुठे सलग पातळ पट्टा. साठ-सत्तर वर्षं ज्या संख्येवर सगळं उभं केलं होतं ती एकटी पुरत नव्हती.

कारणं दोन निघाली. एक पाण्यात: शुद्ध पाणी ताण सोसतं, ते फाटायला आधीचे सूक्ष्म बुडबुडे लागतात, आणि प्रत्येक टनेलच्या पाण्यात ते वेगळे. दुसरं पृष्ठभागावर. कॅलटेकमध्ये विजय अरकेरी आणि ॲलन अकोस्टा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्लिरेन पद्धतीने मॉडेलला चिकटून वाहणारा पातळ थर डोळ्यांनी दिसेल असा केला. तो थर काही ठिकाणी पृष्ठभागापासून सुटतो आणि पोकळी त्या सुटलेल्या भागातच जन्मते, हे त्यांनी दाखवलं. अरकेरी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. रिव्ह्यू लिहिताना आपण हा पेपर 'व्हिस्कस इफेक्ट्स' या मथळ्याखाली एका वाक्यात उरकतो. तो मूळ काढून वाचा. त्यातली छायाचित्रं पाहा.

मी स्वतः वाचला तो उशिरा, आणि त्याची फी भरली. दुसऱ्या वर्षी माझे लिफ्टचे आलेख सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं सांगायचे. मी लोड सेल बदलला, कोन मोजायची पट्टी बदलली, मॉडेल पुन्हा घासून गुळगुळीत केलं, कोडमध्ये आठवडे घालवले. एकदा गाईडनी सहज विचारलं, "पाणी कधी भरता रे?" सोमवारी. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा भरपूर. चार दिवस कमी दाबाखाली फिरून ती निघून जायची. सहा महिन्यांच्या नोंदवह्यांत वेग होता, दाब होता, तापमान होतं. हवेचं प्रमाण एकाही पानावर नव्हतं. ती मोजणी अख्खी बाजूला ठेवावी लागली. प्रबंधात तिचं एक ओळही नाही.

'ब्रा दॉर'चं पुढे काय झालं ते राहिलं. ६३ नॉटच्या त्या उन्हाळ्यातच तिच्या मुख्य फॉइलच्या मधल्या भागात तडे सापडले. फॉइल उच्च ताकदीच्या मॅरेजिंग पोलादाचं होतं, समुद्राच्या पाण्यात ताणाखाली ते फुटत गेलं. ते बदललं, चाचण्या थोड्या चालल्या, आणि १९७१ साली सरकारने प्रकल्प थांबवला. आता ती क्यूबेकमधल्या लिस्ले गावच्या सागरी संग्रहालयात जमिनीवर उभी आहे. पाणी नसल्यामुळे फॉइल पूर्ण उघडी दिसतात. मी फोटोच पाहिलाय. शेजारी उभा राहिलेला माणूस दांड्यांच्या निम्म्यालासुद्धा पोचत नाही.