माफी आणि भरपाई

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तिथल्या कृष्णवर्णीय गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दलचा तो आदर होता. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या माणसांची सुटका ज्यांना आपली वाटली, त्यांच्या भाषेत मी लिहितो याचा मला अभिमान आहे. पण बेड्या तुटल्यावर त्या माणसांच्या हाती काय पडले, हा प्रश्न तेव्हाही उरला होता आणि आजही उरला आहे.

जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आले असताना, जनरल शर्मन यांनी एक हुकूम काढला. दक्षिणेच्या किनाऱ्यावरची मळेवाल्यांची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी, असा तो हुकूम. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली, कसू लागली. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली.

भरपाईची कल्पना त्या काळाला सुचलीच नव्हती, असे मात्र नाही. भरपाई दिली गेली, पण ती मालकांना. १८६२ साली वॉशिंग्टन शहरात गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा सरकारशी एकनिष्ठ असलेल्या मालकांना दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत देण्याचे ठरले. ब्रिटनने तर १८३३ च्या कायद्याने मालकांसाठी दोन कोटी पौंड मंजूर केले होते. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम. गुलामांना त्यातली एक पेनीही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली बहुतेकांना त्याच मळ्यांवर आणखी काही वर्षे फुकट राबावे लागले. या रकमेसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड झाली ती २०१५ साली. म्हणजे ज्यांचे पूर्वज विकले गेले होते, ते ब्रिटनमधले कॅरिबियन वंशाचे करदातेही तोवर मालकांचीच भरपाई फेडत होते.

‘पणजोबांच्या पापाचे पैसे आम्ही का भरावे?’ असे विचारले जाते. त्याचे उत्तर या कर्जातच आहे. माणसे जातात, सरकार राहते. वडिलार्जित इस्टेट घ्यायची आणि वडिलार्जित कर्ज नाकारायचे, हे घरात चालत नाही. मग देशाला कसे चालावे?

माफी हा शब्द माझ्या घरच्या बोलीतही आहे आणि मराठीतही. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. माफी मागणे म्हणजे चूक कबूल करणे, आणि सारामाफी, कर्जमाफी म्हणजे देणे सोडून देणे. सत्तेला हे दोन्ही अर्थ एकदमच हवे असतात. अमेरिकी सिनेटने जून २००९ मध्ये गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला. त्यातच असेही लिहून ठेवले, की या ठरावाने सरकारवरच्या कोणत्याही दाव्याला आधार मिळणार नाही.

त्याच देशाने दुसरी वाटही दाखवली आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना तिथे छावण्यांत कोंडले होते. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. १९८० मध्ये आयोग नेमला गेला. साडेसातशेहून अधिक साक्षी झाल्या. वंशद्वेष हे एक कारण आयोगाने स्पष्ट नोंदवले. मग १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्यांना अध्यक्षांच्या सहीचे माफीपत्र आणि प्रत्येकी २० हजार डॉलर देण्यात आले. गेलेली शेते, दुकाने आणि वर्षे एवढ्याने परत येत नव्हती. तरीही कागद आणि पैसा एकत्र आले, म्हणून त्या माफीला अर्थ आला.

आधी चौकशी, मग कबुली, मग रक्कम, हा क्रम मला मोलाचा वाटतो. गुलामगिरीसाठीही असाच आयोग नेमावा, असे विधेयक जॉन कॉनियर्स यांनी १९८९ मध्ये मांडले. नंतर ते पुन्हा पुन्हा मांडले गेले, पण अजून मंजूर झालेले नाही. कोणाला द्यायचे, किती आणि कसे, हे प्रश्न रास्तच आहेत. पण आयोग हवा आहे तो त्यांची उत्तरे शोधण्यासाठीच.

मालकांना पैसे देताना लंडनच्या आणि वॉशिंग्टनच्या कारकुनांना हिशेब अवघड वाटला नव्हता. कोणी किती माणसांवर हक्क सांगितला आणि त्याला किती मिळाले, याच्या नोंदी आजही शाबूत आहेत. इतक्या जुन्या गोष्टीचा हिशेब कसा लावायचा, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्या उघडून पाहाव्यात.