गाळलेली २८ लाख नावं

२०२४च्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला आणि काही दिवसांनी शाळा उघडल्या. इंदूरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीनं मला बोलावलं. आठवीच्या मुलांनी निवडणुकीवर निबंध लिहिले होते आणि ते वाचून ती वैतागली होती. मी वह्या चाळल्या. प्रत्येक वहीत निवडणूक हा लोकशाहीचा उत्सव होता, मतदान हे पवित्र कर्तव्य होतं आणि भारत ही जगातली सर्वांत मोठी लोकशाही होती. चूक काहीच नव्हतं. पण एकाही वहीत प्रश्नचिन्ह नव्हतं.

आणि हे इंदूरमध्ये! तिथे त्या वर्षी एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला होता आणि ‘नोटा’ला २ लाख १८ हजारांहून अधिक मतं पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आलं होतं. ही चर्चा मुलांनी घरात, दुकानात, रिक्षात ऐकली होती. मग लिहिली का नाही? “शाळेत ते लिहायचं नसतं,” एका मुलानं सरळ सांगितलं.

मैत्रिणीची अडचण खरी होती. ताज्या निवडणुकीचा विषय काढला की वर्गात घराघरांतले पक्ष येऊन बसतात. मुलं विचार करायचं सोडून बाजू घेतात. म्हणून आम्ही ठरवलं की ज्या निवडणुकीत या मुलांचं कुणीच उभं नव्हतं, तिथून सुरुवात करायची. म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून. मी अनुवादक. माझं काम एवढंच होतं की तेव्हाची इंग्रजी माहिती मुलांच्या हिंदीत आणायची.

ती निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. पहिली मतं हिमाचलच्या चिनी भागात पडली, कारण बर्फानं वाटा बंद होण्याआधी तिथलं मतदान उरकायचं होतं. मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. मताधिकाराचं वय २१. ते १८ वर यायला १९८९ साल उजाडलं. मतदारांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून पक्षांना चिन्हं दिली गेली: बैलजोडी, झोपडी, दिवा, हत्ती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. पडद्याआड जाऊन ती हव्या त्या पेटीत टाकली की झालं. ही सगळी व्यवस्था उभी केली देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी.

इथवर मुलं कौतुकानं ऐकत होती. मग मैत्रिणीनं विचारलं, “या पद्धतीत काय बिघडू शकतं?”

दोन मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणता येईल. विकताही येईल.” बरोबर होतं. कोरी मतपत्रिका बाहेर आणली, तर ती दुसऱ्याच्या हाती देता येते. पुढे ही पद्धत बदलली आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवरच शिक्का मारायची रीत आली. आपल्याला सुचलेली शंका मोठ्या माणसांनीही कधीतरी गांभीर्यानं घेतली होती, हे कळल्यावर वर्ग जरा ताठ बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर आकडे लिहिले. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी काँग्रेसला ३६४. मुलांनी टक्केवारी काढली: ७४. मग मतं लिहिली: सुमारे ४५ टक्के. खाली आणखी दोन ओळी. समाजवादी पक्ष: मतं दहा टक्क्यांहून थोडी अधिक, जागा १२. कम्युनिस्ट पक्ष: मतं तीन टक्क्यांहून थोडी अधिक, जागा १६. “हे उलटं लिहिलंय,” एक मुलगी म्हणाली. उलटं नव्हतं. ज्याची मतं देशभर विखुरलेली त्याच्या हाती थोडं लागतं, ज्याची मतं काही मतदारसंघांत एकवटलेली त्याला जागा मिळतात, हे शोधायला मुलांना तासाचा बहुतेक वेळ लागला. कुणी त्याला अन्याय म्हटलं. कुणी म्हणालं, “पण नियम तर सगळ्यांना आधीच ठाऊक होता.” दोन्ही म्हणणी फळ्यावर राहिली. ‘जनतेनं कौल दिला’ या तीन शब्दांच्या पोटात एवढा हिशेब असतो, हे मात्र सर्वांना पटलं.

मग आम्ही तिसरा आकडा मांडला. मला स्वतःला तिथेच सर्वांत जास्त वेळ रेंगाळायचं होतं.

मतदारयाद्या करणारे कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा पुष्कळ बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. परक्या पुरुषासमोर नाव उच्चारायचं नाही, ही रीत होती. आयोगानं बजावलं की प्रत्येक मतदाराची नोंद तिच्या स्वतःच्या नावानंच व्हायला हवी. नावं मिळवायला बिहारमध्ये मुदतही वाढवून दिली. तरीही देशातल्या जवळपास आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मिळाली नाहीत आणि त्यांच्या नोंदी वगळल्या गेल्या. सेन यांच्या मते या वगळण्यावरून उठलेली ओरड चांगलीच होती. त्यामुळे लोकांचा संकोच मोडेल आणि पुढच्या खेपेला या बायका आपल्या नावानं यादीत येतील, असा त्यांचा हिशेब होता.

मुलांनी लगेच भागाकार केला. शंभरात साडेतीन. “मग फार नाहीत,” एकजण म्हणाला. तेव्हा मी पुढची ओळ वाचली: जवळजवळ सगळ्या नोंदी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या पाच राज्यांतल्या होत्या. तेव्हा इंदूर मध्य भारतात होतं. वर्गात चुळबुळ झाली. देशाच्या सरासरीत जी गोष्ट किरकोळ दिसत होती, ती आता आपल्या गल्लीत आली होती.

मग वाद पेटला, आणि तो पक्षांचा नव्हता. एका गटाचं म्हणणं, सेन बरोबर होते. बिननावाचा मतदार ठेवला, तर त्याच्या जागी कुणीही येऊन मत टाकेल. शिवाय मत बाईचं आहे, तिच्या नवऱ्याचं नाही. दुसरा गट म्हणाला, चूक रीतीची होती, शिक्षा बाईला का? एका मुलीनं विचारलं, “नाव विचारायला बाईला पाठवलं असतं तर?”

या प्रश्नानं मला माझ्या आजीपाशी नेऊन सोडलं. मराठी घरात लग्नात ताटातल्या तांदळांवर सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत. आजीचं माहेरचं नाव आम्हां नातवंडांना ती गेल्यावर, तिच्या भावाच्या एका पत्रातून कळलं. साठ वर्षं ती दुसऱ्याच नावानं हाका ऐकत होती. आणि नवऱ्याचं नाव तर उखाण्याशिवाय ओठांवर आणायचं नाही. अशा बाईच्या दारात सरकारी माणूस उभा राहतो आणि म्हणतो, ‘तुमचं स्वतःचं नाव सांगा.’ हा साधा प्रश्न नाही. तिला आजवर तो कुणी विचारलेला नसतो. अनुवाद करताना ‘अमक्याची बायको’ हे तीन भाषांत फिरवायला मला जराही अडलं नाही. अडलं ते ‘स्वतःचं नाव’ या शब्दांपाशी.

म्हणून आठ कोटी नावं नोंदली गेली हा पराक्रम मला लहान वाटत नाही. उलट २८ लाखांचा आकडा समोर ठेवला की तो नीट मोजता येतो. मुलांना एवढंच दाखवायचं होतं: गौरवाची गोष्ट ऐकताना कोण यादीत नाही हे विचारणं म्हणजे गौरव नाकारणं नव्हे. निवडणुकीतून मुलांनी शिकावी अशी ही पहिली सवय. बाजू घेणं नंतर आहेच, त्याला आयुष्य पडलंय.

गृहपाठ म्हणून मुलांना घरातल्या सर्वांत जुन्या बाईची सगळी नावं विचारून यायला सांगितलं होतं. कुणी दोन आणली, कुणी तीन. एका मुलीनं पणजीबद्दल लिहिलं होतं की घरात तिला सगळे ‘बडी बाई’ म्हणत, भिंतीवर फोटो फक्त पणजोबांचा आहे. खाली एक ओळ होती: “नाव कुणालाच माहीत नाही. आता कुणाला विचारायचं?”

मैत्रिणीनं त्या वहीवर शेरा लिहिला नाही. मतदारयादी कुठे मिळते आणि ती कशी वाचायची, हा पुढच्या आठवड्याचा धडा तिनं ठरवून टाकला.