टेस्टोस्टेरॉन उपचार आणि इस्ट्रोजेन

टेस्टोस्टेरॉन उपचार : पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी पडल्यास ते बाहेरून पुरवण्याची पद्धत. मराठी विश्वकोश ‘हॉर्मोन’ लिहितो, शाळेतली पुस्तके ‘संप्रेरक’. गावात मात्र ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हटले जाते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

या संप्रेरकाचे काम डोंगरकड्याच्या (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गोऱ्हा खच्ची केला की त्याची मस्ती उतरते, तो औताला लागतो. १८४९ मध्ये जर्मनीत बेर्टोल्ट या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर हेच तपासले : वृषण काढले तर तुरा आक्रसला, पोटात पुन्हा बसवले तर कोंबडा पूर्ववत आरवू लागला. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात मिळाले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले.

इस्ट्रोजेनला बायकांचे संप्रेरक समजतात. पण पुरुषाचे शरीर ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनवते. हे काम अरोमाटेझ नावाचे विकर करते, आणि ते चरबीत भरपूर असते. म्हणून ढेरी मोठी तर इस्ट्रोजेनही जास्त. ते फार वाढले तर छाती दुखते, स्तन वाढतात. पण नसले तर? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. इस्ट्रोजेन होते, पण शरीर त्याला दाद देत नव्हते. उंची २०४ सेंटिमीटर, तरी वाढ चालूच. हाडे मात्र ठिसूळ. पुरुषाच्या हाडांना आणि कामेच्छेलाही इस्ट्रोजेन लागते.

इंजेक्शनचे औषध तेलात असते. सस्टॅनॉन या इंजेक्शनचे तेल शेंगदाण्याचे, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने आधी सांगावे. नेबिडो या दुसऱ्या इंजेक्शनचे तेल एरंडीचे. सस्टॅनॉन २५० दिल्यावर एक-दोन दिवसांत पातळी शिखर गाठते आणि साधारण तीन आठवड्यांत तळाला येते. शिखराबरोबर इस्ट्रोजेनही चढते. सुरुवातीला छाती हुळहुळली म्हणून लगेच इस्ट्रोजेन दाबणारी ॲनास्ट्रोझोलची गोळी मागणे हा उतावीळपणा झाला. ती गोळी मुळात स्तनांच्या कर्करोगासाठी आहे आणि इस्ट्रोजेन फार दाबले तर हाडे झिजतात. आधी डॉक्टरांनी मात्रा घटवावी, किंवा तीच मात्रा विभागून कमी अंतराने द्यावी. वजन उतरवणे हा संथ पण खात्रीचा उपाय. एवढे करूनही त्रास राहिला, तरच गोळीचा विचार.

उपचार सुरू करण्याआधी वेगवेगळ्या दोन दिवशी, सकाळी दहाच्या आत रक्त द्यावे लागते. डोंगरकड्याहून नांदेडला जाऊन तपासणी करायची तर पहाटेच निघावे. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आकडा आणि जोडीला लक्षणे असतील, तरच निदान धरतात. पुढच्या तपासण्यांत इंजेक्शनची तारीख सांगितली नाही, तर आकड्याचा अर्थ लागत नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) हेही पाहतात, ते ५४ टक्क्यांवर गेले तर रक्त दाट होते आणि उपचार थांबवावा लागतो.

ज्यांना मूल हवे आहे त्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश थांबतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. औषध ‘शेड्यूल एच’मधले आहे, चिठ्ठीशिवाय ते विकण्यास कायद्याने मनाई आहे.