नळदुर्गाचा पाणीमहाल : एक जुनें घर व दोन काळ

जुनें घर आणि जुनें प्रेम यांची सांगड घालण्याचा छंद कादंबरीकारांस फार दिवसांपासून आहे. अलीकडील इंग्रजी कादंबऱ्यांत तर याची एक ठरीव घडीच बसून गेली आहे. आजच्या काळांतील कोणी तरुणी वारशानें आलेलें पडीक घर दुरुस्त करूं लागते. जमिनीची फळी उचकटतांना जुन्या पत्रांचें पुडकें हातीं लागतें. त्या पत्रांत शंभर वर्षांपूर्वीच्या एका युगुलाची अपुरी राहिलेली कहाणी असते. आणि भिंतीला जसजसा चुना लागत जातो, तसतशी मागची कहाणी उलगडत व पुढची जुळत जाते. रूथ प्रॉवर झाबवाला ह्या लेखिकेची, १९७५ सालीं बुकर पारितोषिक मिळविणारी, 'हीट अँड डस्ट' ही कादंबरी याच कुळांतली, मात्र पुष्कळ वरच्या दर्जाची होय. तींत १९२३ सालच्या एका इंग्रज बाईची व एका नबाबाची हकीकत पुढील पिढींतील दुसरी बाई शोधीत येते.

अशा पुस्तकांचा वाचकांस कंटाळा येत नाहीं, आणि आम्हांसहि येत नाहीं. परंतु तीं वाचून झाल्यावर एक प्रश्न मनांत राहतो. जें घर आपण दुरुस्त करितों, त्यांत खरोखर कोण राहत होतें, आणि आपण तेथें कोणास नेऊन बसवूं पाहतों? या दोहोंत अंतर पडलें, तर त्या दुरुस्तीस काय म्हणावें? याचा विचार करण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गाच्या किल्ल्यांत याचें एक बोलकें उदाहरण उभें आहे.

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तुळजापूर तालुक्यांत, बोरी नदीच्या कांठीं हा किल्ला आहे. आम्ही तेथें गेलों तो श्रावणाचा शेवट होता आणि नदीस भरपूर पाणी होतें. मुख्य किल्ला व समोरचें रणमंडळ यांच्या मध्यें नदीच्या पात्रांत काळ्या दगडाचा एक प्रचंड बांध आडवा घातलेला आहे. पाणी चढलें म्हणजे तें बांधाच्या माथ्यावरील दोन सांडव्यांतून खालीं कोसळतें. या दोन धारांस लोक 'नर' व 'मादी' म्हणतात. ह्याच बांधाच्या पोटांत, जिना उतरून जावें अशी, नक्षीदार दालनांची एक लहानशी वास्तु केलेली आहे, तोच पाणीमहाल. बाहेर नदी गर्जत असतां आंत मनुष्य कोरडा उभा राहतो, आणि खिडकीसमोरून पाण्याचा पडदा सरत असतो. अशा ठिकाणीं कोणाहि रसिकाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हाच कीं, येथें कोण बसत असेल?

याचें एक उत्तर दगडावरच कोरलेलें आहे. तेथील फारसी लेखाप्रमाणें हें काम हिजरी १०२२ मध्यें, म्हणजे इ. स. १६१३ च्या सुमारास, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, मीर इमादीन नांवाच्या कारागिरानें पुरें केलें. इब्राहीमनें १५८० पासून १६२७ पर्यंत राज्य केलें. तो गानलुब्ध होता. दखनी भाषेंतील 'किताब-इ-नौरस' हा गीतसंग्रह त्याचाच, आणि त्यांत त्यानें सरस्वती व गणपति यांचेंहि स्तवन केलें आहे. अशा राजानें पाण्याच्या नादासाठीं महाल बांधविला असल्यास नवल नाहीं. तथापि बांध कांहीं केवळ नाद ऐकण्यासाठीं घातलेला नव्हे. त्यानें गडास पाणी मिळालें, नदीच्या बाजूस पाण्याचा वेढा पडला आणि मुख्य किल्ला रणमंडळाशीं जोडला गेला. राजाची हौस आणि गडाची गरज हीं दोन्ही मीर इमादीननें एकाच बांधकामांत भागविलीं. चारशेंहून अधिक पावसाळे डोक्यावरून वाहून गेले, तरी तें काम उभें आहे.

परंतु लोकांचें मन तारखेनें भागत नाहीं. त्यास जोडपें हवें असतें. नळदुर्ग हें नांव नळराजावरून पडलें असें लोक मानतात, म्हणजे दमयंती ओघानें आलीच. जवळच मैलारपुरास खंडोबाचें ठाणें आहे, आणि खंडोबा व बाणाई यांचा विवाह येथेंच लागला अशी भाविकांची श्रद्धा आहे. हा देव वर्षांतील सव्वा दहा महिने अणदुरास व पावणेदोन महिने मैलारपुरास राहतो, आणि त्याच्या नेण्याआणण्याविषयीं दोन्ही गांवांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. एका देवाचीं दोन घरें, आणि दोन्हीं जागतीं! घर जागतें कसें ठेवावें हें या दोन गांवांस कोणा कादंबरीकारानें शिकविलेलें नाहीं. वारी चुकूं द्यावयाची नाहीं आणि शब्द मोडावयाचा नाहीं, एवढ्यावर तें चालत आलें आहे.

खरें सांगावयाचें तर आम्हीहि एक जोडपें मनांत घेऊनच तेथें गेलों होतों. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहास दिली, ती १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वीं, दोन घराण्यांचें वैर मिटविण्यासाठीं. आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यांत आला. सोलापूर येथून फारसें दूर नाहीं. तेव्हां राजकारणासाठीं झालेल्या त्या लग्नांत पुढें प्रेम उपजलें, आणि पावसाळ्यांतील एखाद्या सायंकाळीं तीं उभयतां ह्या खिडकीशीं बसलीं, असें एक चित्र आम्हीं मनांत रंगवून ठेविलें होतें. त्यावर एक गोष्टहि अर्धीअधिक लिहून झाली होती.

ती गोष्ट शिलालेखाच्या सनानें मोडली. अली १५८० सालीं मारला गेला. चांदबिबीचा अंत अहमदनगरास १६०० च्या सुमारास झाला. महाल पुरा झाला तो त्यानंतर बारातेरा वर्षांनीं. म्हणजे ही खिडकी त्या दोघांनींहि कधीं पाहिलीच नाहीं. प्रथम आम्हांस थोडें वाईट वाटलें. पण मग ध्यानांत आलें कीं, आमच्या कल्पनेहून मोठी वस्तु समोरच होती. अली वारला तेव्हां गादीवर बसलेला पुतण्या इब्राहीम अवघा नऊ वर्षांचा होता, आणि दरबारांतील कारस्थानांतून त्याचें राज्य सांभाळणाऱ्यांत ही विधवा चुलती प्रमुख होती. तिनें राखलेलें राज्य ज्यास मिळालें, त्याच्या कारकीर्दींत हा बांध झाला. तिचा या दगडांशीं संबंध आहे तो एवढाच, पण तो खरा आहे. आम्हीं ती गोष्ट फाडून टाकली.

आतां दुसऱ्या काळाकडे वळूं. १८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला, आणि नळदुर्गचा जिल्हा मेडोज टेलर याच्या हवालीं झाला. टेलरचा जन्म १८०८ सालीं लिव्हरपूल येथें झाला. लहान वयांत तो हिंदुस्थानांत येऊन निजामाच्या फौजेंत शिरला. ठगांच्या कबुलीजबाबावरील त्याच्या १८३९ सालच्या कादंबरीनें विलायतेंत मोठी खळबळ उडविली होती. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचा प्रसिद्ध सावकार विल्यम पामर याची कन्या. आणि पामरची आई फैज बक्ष बेगम ही येथील खानदानी मुसलमान स्त्री होती. मेरी १८४४ सालीं वारली. म्हणजे नळदुर्गास आला तेव्हां टेलर पंचेचाळिशीचा विधुर होता. रस्ते करणें, जमिनीची मोजणी करणें, अर्ज ऐकणें ह्या कामांत त्याचे दिवस जात. येथील कडे, तटबंदी व बोरीवरचा बांध यांचें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत ममतेनें वर्णन केलें आहे. तें पुस्तक त्याच्या मरणानंतर, १८७७ सालीं, त्याच्या मुलीनें प्रसिद्ध केलें. १८५७ सालीं त्यास वऱ्हाडांत धाडण्यांत आलें, आणि १८६० च्या तहानें हा मुलूख पुन्हां निजामाकडे गेला.

पेन्शन घेऊन टेलर आयर्लंडांत जाऊन राहिला, आणि तेथें त्यानें 'तारा' ही कादंबरी लिहिली. ती १८६३ सालीं तीन भागांत निघाली. नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या. नायक अफझलखानाचा पुत्र फाजल. तुळजापूर नळदुर्गाहून घोड्याच्या एका मजलेवर. सात समुद्रांपलीकडे, पावसाळी थंडींत बसून, ज्या प्रदेशांत आपण पुन्हां कधीं राहणार नाहीं त्याचे घाट, देऊळ, बाजार व वाडे एक वृद्ध होत चाललेला मनुष्य आठवून आठवून उभे करितो आहे, हें चित्र कोणाहि सहृदय वाचकास हलवील. पडलेलें घर दुरुस्त करण्याचाच तो एक प्रकार होता, आणि त्यास लागणारा चुना म्हणजे त्याची स्मृति.

पण येथेंच सावध झालें पाहिजे. टेलरनें तीन कादंबऱ्या एका माळेंत ओंवल्या होत्या: पहिलींत १६५७ सालीं मराठ्यांचा उदय, दुसरींत १७५७ सालीं प्लासी, तिसरींत १८५७ सालचें बंड. बरोबर शंभर शंभर वर्षांचें अंतर! आतां अफझलखानाचा वध झाला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजीं. म्हणजे माळ सुबक व्हावी म्हणून त्यानें एक चिरा दोन वर्षें मागें सरकविला. दोन वर्षांनीं काय बिघडतें, असें कोणी विचारील. कथा म्हणून फारसें बिघडत नाहीं. परंतु अशा जुळणीमुळें इतिहास जणूं एखाद्या ठरलेल्या नकाशाप्रमाणें चालला, आणि त्या नकाशाच्या शेवटीं इंग्रजी राज्य यावयाचेंच होतें, असा भास वाचकास होतो. टेलरची ममता खरी होती. पण ती राज्यकर्त्याच्या खुर्चीवरून केलेली ममता होती, आणि तिनें नकळत आपल्या सोयीची भिंत उभी केली. चांदबिबीस खिडकींत बसवितांना आम्हीहि तेंच करीत होतों. फरक इतकाच कीं, आमची गोष्ट छापली गेली नाहीं.

हा विचार आज विशेष अगत्याचा झाला आहे, कारण नळदुर्गाची दुरुस्ती आपल्याच काळांत झालेली आहे. राज्यसंरक्षित स्मारकांचें संगोपन खासगी संस्थांकडे सोंपविण्याची योजना महाराष्ट्र शासनानें आंखली, आणि तिच्या अन्वयें या शतकाच्या दुसऱ्या दशकांत हा किल्ला सोलापूरच्या एका संस्थेकडे सोंपविण्यांत आला. झाडेंझुडें निघालीं, वाटा झाल्या, माणसें येऊं लागलीं. जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांव जाऊन २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव परत आलें. गतकाळ परत आणण्याची ही हौस सर्वत्र दिसते, आणि ती मुळांत वाईट नाहीं. पण जुन्या इमारतीचें काम जाणणारा गवंडी एक गोष्ट सांगतो ती ऐकण्यासारखी आहे. घाणींत मळलेला चुना सावकाश घट्ट होतो, ओल बाहेर जाऊं देतो व दगडाबरोबर थोडा हलतो. सिमेंट लवकर आवळतें, ओल आंत कोंडतें, आणि कालांतरानें सांधा टिकून शेजारचा दगडच फुटतो. ज्या दुरुस्तीस घाई असते, ती घराहून बळकट होऊं पाहते व घरासच मारते. कथेचेंहि तसेंच आहे. आपली कल्पना पुराव्याहून बळकट झाली कीं मूळची माणसें फुटून जातात, आणि सांधा तेवढा चकाकत राहतो.

महालांतून वर येतांना जिन्याच्या भिंतीवर आम्हांस खिळ्यानें कोरलेलीं अनेक नांवें दिसलीं. दोन नांवें, मध्यें बाण. पुन्हां दोन नांवें, खालीं तारीख. प्रथम राग आला. मग वाटलें, या बिचाऱ्यांसहि तेंच हवें आहे, जें कादंबरीकारास व आम्हांस हवें होतें: हें जुनें घर आपल्या प्रेमाचें साक्षी व्हावें. परंतु त्याच वास्तूंत मीर इमादीनचेंहि नांव आहे, आणि तें तेथें शोभतें, कारण त्यानें आधीं भिंत बांधली. आपल्यापैकीं बहुतेकांस नवी भिंत बांधणें साधणार नाहीं; आहे ती न खरवडणें मात्र साधेल.

म्हणून जे वाचक मुलाबाळांसह पुढील पावसाळ्यांत नळदुर्गास जातील, त्यांस आमची एक विनंति आहे. नर-मादीचे धबधबे पाहावेत, खिडकींत उभें राहावें, तोंडावर तुषार घ्यावेत; नळदमयंतीची गोष्ट सांगावी, बाणाईचीहि सांगावी, आणि ती गोष्ट म्हणूनच सांगावी. पण प्रथम मुलांस तो फारसी लेख दाखवावा, १६१३ हें साल सांगावें, आणि बांधणाऱ्याचें नांव त्यांच्याकडून एकदां म्हणवून घ्यावें.