रिग्बीची दुनळी : एका बंदूकशाळेची अडीचशे वर्षं

दुनळी रायफल खऱ्या अर्थाने कुणासाठी घडली, असं विचारलं तर माझं उत्तर रानरेड्यासाठी, असंच असेल. हत्ती मोठा असतो, वाघ चपळ असतो. पण जखमी होऊन दाट झुडपात शिरलेला आफ्रिकी रेडा स्वतःच्याच मागाच्या कडेला दबा धरून उभा राहतो आणि वीस-पंचवीस पावलांवरून अंगावर येतो. अशा वेळी नवं काडतूस भरायला सवड नसते. हातात दोन बार असतात, तेवढेच. या दोन बारांचा भरवसा देणाऱ्या पेढ्या इंग्लंडमध्ये अनेक झाल्या. त्यांत जॉन रिग्बी अँड कंपनीची वाटचाल मला सर्वांत जास्त भावते, कारण ती सरळ रेषेत झालेली नाही.

पेढीचा जन्म १७७५ सालचा, डब्लिनमधला. सुरुवातीला तिची ख्याती द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांसाठी आणि ठासणीच्या बंदुकांसाठी होती. पेढीला खरा आकार दिला तो १८२९ साली जन्मलेल्या जॉन रिग्बी यांनी. हे गृहस्थ नुसते दुकानदार नव्हते, पट्टीचे नेमबाजही होते. १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमोरच्या मैदानावर आयर्लंड विरुद्ध अमेरिका असा लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा गाजलेला सामना झाला. आयर्लंडच्या संघात ते स्वतः होते. अमेरिकेने तो सामना ९३४ विरुद्ध ९३१ असा अवघ्या तीन गुणांनी जिंकला. आपणच घडवलेल्या रायफलीचा चाप आपणच ओढायचा, ही त्यांची सवय पेढीच्या फार उपयोगी पडली.

त्याआधीच त्यांनी लंडनला सेंट जेम्स स्ट्रीटवर दुकान थाटलं होतं. १८७९ साली टॉमस बिसेल यांच्याबरोबर त्यांनी एका खिट्टीचं पेटंट घेतलं. नळ्या मिटताच ही खिट्टी खालून वर येते आणि नळ्यांच्या मागच्या बाजूच्या कडीत घट्ट बसते. ती घडवायला अवघड, म्हणून खर्चिक; पण रिग्बीची दुनळी त्या खिट्टीवरूनच ओळखली जाऊ लागली. पुढे १८८७ ते १८९४ या काळात ते एन्फील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे अधीक्षक होते. तिथे लष्करासाठी .३०३ ची रायफल आणि काडतूस आकाराला येत होतं. जुन्या काळ्या दारूची जागा कॉर्डाइट घेत होती. हा बदल त्यांना अगदी जवळून पाहता आला.

आणि १८९८ साली त्यांनी .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणलं. सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेगाने सोडणारं. तोवर मोठ्या जनावरांसाठी शिकारी सात-आठ किलोंच्या अवजड आठ बोअरच्या बंदुका वापरत. एक बार काढला की समोर धुराचा लोट उठायचा आणि रेडा पडला की अंगावर येतोय, हेच दिसेनासं व्हायचं. कॉर्डाइटला धूर जवळजवळ नाही. पाच किलोंच्या आसपासची रायफल, खांदा सोसेल इतका धक्का आणि पहिल्या बारानंतर स्वच्छ दिसणारं जनावर. आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीचं रूपच त्याने बदललं.

या रायफलीतलं खरं कसब मात्र काडतुसात नाही, नळ्यांच्या मेळात आहे. उजवी नळी मध्यरेषेच्या उजवीकडे असते. ती उडाली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे झुकते. डावी उडाली की डावीकडे. दोन्ही नळ्या समांतर जोडल्या तर गोळ्या फाकतात. म्हणून त्या तोंडाकडे किंचित जवळ आणाव्या लागतात. पण किती, हे कागदावर सांगता येत नाही. नळ्यांच्या तोंडाशी मध्ये एक छोटी पाचर असते, कथिलाच्या डाकाने धरलेली. कारागीर ठरावीक अंतरावरच्या निशाणावर एक उजवा, एक डावा असे बार काढतो. भोकं पाहतो. डाक तापवून सैल करतो, पाचर केसभर सरकवतो, पुन्हा डाक घालतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांची भोकं शेजारी-शेजारी पडेपर्यंत हे चालतं. हा मेळ एकाच काडतुसाशी जुळलेला असतो. वेगळ्या वजनाची गोळी किंवा वेगळी दारू भरली की तो बिघडतो. दोन चाप आणि दोन स्वतंत्र कळा यासाठी की एक अडली तरी दुसरी चालावी.

पेढीला पहिला मोठा फटका बसला तो आपल्याकडच्या एका नियमाने. सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि त्यांची गोळी .४५० चीच. शिकारीच्या काडतुसांतल्या गोळ्या तिकडे पोचतील या धास्तीने ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली, सुदानातही घातली. ब्रिटिश अधिकारी आणि संस्थानिक ही तर या रायफलींची मोठी गिऱ्हाइकं. मग एकाहून एक नवी मापं निघाली : हॉलंड अँड हॉलंडचं .४६५, जोसेफ लँगचं .४७०. रिग्बीनेही .४७० आपलंसं केलं. आज रेड्यासाठी दुनळी म्हटलं की सर्वांत आधी .४७० डोळ्यांसमोर येतं.

अशा दुनळ्या आपल्या त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात आणि बस्तरातही आल्या, कारण रानम्हशी तिथेही होत्या. ही जात आफ्रिकी रेड्याहून वेगळी, आणि आपल्या गव्याहूनही वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. गडचिरोलीतल्या कोलामार्क्याच्या जंगलात उरलेल्या मोजक्या रानम्हशींना आज हवा आहे तो पहारा.

.४५० वर बंदी आली त्याच १९०७ साली रिग्बीच्या आणखी एका रायफलीचं नाव हिंदुस्थानशी जोडलं गेलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना .२७५ रिग्बी भेट मिळाली. ती दुनळी नव्हे, माउझर घडणीची एकनळी. कॉर्बेट यांचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ साली मुंबईतून काढलं. पुढे ही रायफल त्याच प्रकाशनसंस्थेकडे गेली आणि अलीकडे रिग्बीने ती स्वतः विकत घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दिवस फिरले. संस्थानं गेली, आफ्रिकी देश स्वतंत्र झाले, १९७७ मध्ये केनियाने शिकारच बंद केली. त्याहून मोठा घाव काडतुसांचा होता. बर्मिंगहॅमच्या किनॉकने मोठ्या रायफलींची काडतुसं करणं थांबवलं, तेव्हा उत्तमोत्तम दुनळ्या कपाटांत अडकून पडल्या. छोट्या उत्पादकांनी ही काडतुसं पुन्हा बाजारात आणायला बरीच वर्षं जावी लागली. १९९७ मध्ये तर रिग्बीचं नावच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात विकलं गेलं. लंडनच्या पिढीजात कारागिरांचे हात त्या नावाबरोबर गेले नाहीत, आणि अशा पेढीत हात गेले की फारसं काही उरत नाही, असं माझं मत आहे.

२०१३ साली माउझरच्याच मालक उद्योगसमूहाने हे नाव विकत घेऊन लंडनला परत आणलं. व्हॉक्सहॉलमध्ये कार्यशाळा उभी राहिली, तरुण कारागीर शिकू लागले आणि बिसेलच्या खिट्टीची दुनळी पुन्हा घडू लागली. २०२५ मध्ये पेढीने अडीचशे वर्षं पूर्ण केली.

टांझानिया, झिंबाब्वे अशा देशांत परवाना घेऊन रेड्याची शिकार आजही चालते. तिथे कळपातून बाहेर पडलेला, प्रजननाचं वय उलटलेला म्हातारा रेडाच निवडणाऱ्या शिकाऱ्याला रिग्बी एक पुरस्कार देते. शिंगं कितीही मोठी असली तरी तरुण नर त्यात बसत नाही. .४५० नंतर या पेढीने केलेलं सर्वांत मोलाचं काम मी यालाच म्हणेन.