अस्थी-अँकरची बलचाचणी
कुत्र्याच्या गुडघ्यातील क्रुसिएट लिगामेंट तुटले किंवा खुब्याचा सांधा निखळला, तर पशुशल्यचिकित्सक कधी कधी हाडात धातूचा छोटा अँकर बसवून त्यात जाड धागा ओवतात. ही जोडणी किती ताण सोसते, हे चाचणीयंत्रावर तपासतात. मृत कुत्र्याचे हाड किंवा पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा पकडीत आवळून धागा ठरावीक वेगाने ओढतात. बल न्यूटनमध्ये नोंदतात. आकड्याइतकेच महत्त्वाचे असते ते आधी काय निकामी झाले हे: अँकर उपटला, हाड फुटले, की अँकरच्या नेढ्याच्या कडेवर घासून धागा तुटला. एकदाच ओढून भागत नाही. जनावर रोज हजारो पावले टाकते. म्हणून कमी बलाने वारंवार ताणण्याची चाचणी अधिक बोलकी ठरते. एकजिनसी फोममुळे तुलना सोपी होते, पण खऱ्या हाडाचे कठीण कवच आणि आतला जाळीदार भाग त्यात नसतो.