ॲव्हरेज : पाथरीच्या रस्त्यावरचा हिशेब

मराठीत येऊन स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दांपैकी काहींनी आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून नवाच संसार मांडला आहे. ‘ॲव्हरेज’ हा त्यांपैकी एक. शाळेच्या गणितात त्याला आपण सरासरी म्हणतो. पण पेट्रोल पंपावर, गॅरेजात किंवा मोंढ्यात हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ एकच असतो : एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत पिकअपच्या मालकाला ‘ॲव्हरेज किती?’ असे विचारावे, तर तो बहुधा उलट विचारतो : भरलेल्या गाडीचे की रिकाम्या? कागदावरचे की रस्त्यावरचे?

हा उलट प्रश्न यंत्रशास्त्राचा कमी आणि इतिहासाचा अधिक आहे, असे माझे मत आहे. रस्त्यावर मिळणारे ॲव्हरेज हा केवळ इंजिनाचा गुण नव्हे. गाव कोणत्या वाटेवर आहे, तिथून काय बाहेर जाते, परतताना काय मिळते आणि इंधनाच्या भावाचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, या सगळ्याची बेरीज त्या एका आकड्यात उतरलेली असते. ती बेरीज पाथरीच्या निमित्ताने उलगडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

रेल्वेपासून दूरचे गाव

पाथरी जुने गाव. मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे हे मुख्य ठाणे होते आणि त्याआधी अहमदनगरच्या निजामशाहीने ते वऱ्हाडच्या इमादशाहीकडून 1518 मध्ये जिंकून घेतले होते. निजामशाहीच्या संस्थापक घराण्याचे मूळही इथलेच सांगितले जाते. पण विसाव्या शतकात गावाचे महत्त्व किल्ल्यावरून वा ठाण्यावरून ठरेनासे झाले, ते रुळांवरून ठरू लागले. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत पोहोचला आणि सेलू, मानवत रोड, परभणी अशी स्थानके उभी राहिली. पाथरी त्या रेषेवर नव्हते.

‘मानवत रोड’ या नावातला ‘रोड’ बोलका आहे. स्थानकाच्या नावाला हा शब्द लागला की ओळखावे, गाव अजून लांब आहे. उतरल्यावर पुढचा रस्ता ज्याचा त्याने काटायचा. पाथरीकरांच्या मालाला तर तेही गाव आपले नव्हते. कापूस असो वा जोंधळा, रुळांपर्यंतचा पहिला टप्पा बैलगाडीचाच होता.

बैलगाडीचाही एक हिशेब असे. फरक इतकाच की बैल उभा असला तरी खातो. जोडीचा कडबा आणि पेंड भाडे मिळो न मिळो लागतेच. त्यामुळे गाडीवानाच्या डोक्यात ‘किती कोस गेलो’ यापेक्षा ‘किती दिवस रिकामा बसलो’ हा प्रश्न मोठा होता. तो पुढे डिझेलच्या काळात वेष बदलून परत आला.

1932 मध्ये निजाम सरकारने रेल्वेच्याच आधिपत्याखाली रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तो 27 बसगाड्यांनिशी. रेल्वे आणि मोटार एकाच छत्राखाली आणण्याचा हा प्रयोग त्या काळात वेगळा होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा देशभर बसच्या पाठीमागे भट्टी बसवून कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. चढावर त्या गाड्यांचा दम लागत असे. इंधन ही मोजून खर्चायची वस्तू आहे, हा धडा आपल्या रस्त्यांनी पहिल्यांदा गिरवला तो तेव्हा. पुढे 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये एस.टी. महामंडळाची रचना झाली. ‘दहा लिटरला किती किलोमीटर’ हे माप एस.टी.च्या आगारांत रुळले. चालकाच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर असा सरकारी कागदावर आला.

टेम्पोपासून पिकअपपर्यंत

मालवाहतुकीची गोष्ट निराळी. 1958 मध्ये नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीतल्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची स्थापना केली आणि तीनचाकी मालगाडी रस्त्यावर आली. तिचे नाव इतके रुजले की पुढे कोणतीही लहान मालगाडी आपल्याकडे ‘टेम्पो’च झाली. 1969 पासून मॅटाडोर आली. कंपनीने 2005 मध्ये आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण लोकांनी टेम्पो हा शब्द सोडला नाही.

या गाड्या पाथरीच्या भागात उपयोगी पडायला एक दुसरी गोष्ट घडावी लागली. पैठणला 1965 मध्ये जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. दोनशे किलोमीटरहून लांब असा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला. पाण्यामागून ऊस आला. ऊस म्हणजे मुख्यतः वजन. तोडला की लगेच हलवावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. कोरडवाहू कापसाच्या प्रदेशात टनांच्या भाषेत बोलणारे पीक आले आणि ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो यांना मोसमी काम मिळाले. ज्यांच्याकडे पाणी नव्हते, त्या घरांतली माणसे त्याच वाहनांत बसून पश्चिम महाराष्ट्रात कोयता घेऊन गेली. एकाच गाडीतून माल आणि मजूर या दोघांचा इतिहास असा गेला आहे.

1973 आणि 1979 च्या तेलसंकटांनंतर ‘कमी डिझेलात जास्त पल्ला’ हे विकण्याचे कारण बनले. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने हलके ट्रक आले : डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निसान. त्यांना उत्तर म्हणून 1986 मध्ये टाटा 407 आली आणि बाजार तिने राखला. 2005 मध्ये टाटा एस आली, जिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. आणि टनभर ते दोन टनांच्या मधल्या जागेत महिंद्राची बोलेरो पिकअप बसली. आज ग्रामीण महाराष्ट्रात नुसते ‘पिकअप’ म्हटले की डोळ्यांसमोर तीच येते.

या गाडीबरोबर मालकही बदलला. ट्रकचा मालक बहुधा पेढीवर बसणारा असे; पिकअपचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. बैल उभ्या-उभ्या खात होता, आता हप्ता खातो. गाडी दारात असली तरी महिन्याची तारीख चुकत नाही.

कागद आणि रस्ता

कागदावरचा आकडा खोटा नसतो, तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. पुण्यात 1966 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत गाडी रोलरवर ठरावीक वेळापत्रकाने चालवली जाते. गाड्यांची आपसात तुलना करायला ते योग्यच आहे. पण रोलरवर करंजीचा घाट नसतो, साखर कारखान्याच्या काट्यापुढची रांग नसते, काळ्या मातीवर बांधलेला आणि पावसाळ्यात फुगून-खचून लाटा आलेला रस्ता नसतो.

गाडीच्या चाकाला जमिनीचा विरोध असतो, तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. खड्डा आला की ब्रेक लागतो आणि त्या क्षणी आधी जाळलेल्या डिझेलची गती उष्णता होऊन उडून जाते. पुन्हा वेग घ्यायला पुन्हा डिझेल. टायरमधली कमी हवा, घसरता क्लच, तुंबलेला एअर फिल्टर हे प्रत्येक जण थोडे थोडे पितात. 2017 मध्ये केंद्र सरकारने 12 टनांवरच्या वाहनांसाठी इंधनवापराचे निकष काढले, त्यातली चाचणी ताशी 40 आणि 60 किलोमीटर या स्थिर वेगांची आहे. आपल्याकडच्या रस्त्यावर स्थिर वेग ही चैन आहे.

हा प्रश्न एकट्या पाथरीचा नाही. अमेरिकेत तेलसंकटानंतर 1975 च्या कायद्याने मोटारींच्या इंधनवापरावर बंधने आली आणि काचेवर मायलेजची चिठ्ठी लावणे आले. पण 8,500 पौंडांहून, म्हणजे सुमारे 3,855 किलोंहून अधिक एकूण वजनाच्या अवजड पिकअपना ती चिठ्ठी सक्तीची नाही. घोड्यांचे ट्रेलर आणि बांधकामाचे सामान ओढणारे तिथले मालक मग टाकी फुल्ल करतात, किलोमीटरऐवजी मैल टिपतात, पुन्हा टाकी फुल्ल करतात आणि भागाकार करतात. आपल्या चालकाची पद्धत हीच. जे वाहन ओझ्यासाठीच घेतले, त्याचा खरा आकडा ओझे वाहणाऱ्यालाच काढावा लागतो.

एका फेरीचे गणित

आता एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पाथरी ते परभणी अंतर 45 किलोमीटर धरू. पिकअप रिकामी असताना लिटरला 14 आणि 15 क्विंटल भरून 10 किलोमीटर देते असे समजू.

जाताना 15 क्विंटल माल, परत रिकामी : 4.5 लिटर अधिक 3.2 लिटर, एकूण 7.7 लिटर. 90 किलोमीटरला ॲव्हरेज पडले 11.7. (14 आणि 10 यांची सरळ सरासरी 12 येते, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच मिळते. कारण भरलेली गाडी तेवढ्याच अंतराला जास्त डिझेल खाते.) क्विंटलमागे डिझेल लागले 0.51 लिटर.

दुसरी फेरी : मालकाने 25 क्विंटल भरले, क्षमतेबाहेर. भरलेले ॲव्हरेज 8 वर आले. जाताना 5.6, येताना 3.2, एकूण 8.8 लिटर. ॲव्हरेज 10.2, म्हणजे पहिल्याहून वाईट. पण क्विंटलमागे डिझेल फक्त 0.35 लिटर.

ओव्हरलोडचे सगळे रहस्य या दोन ओळींत आहे. त्याला नुसती हाव म्हणून चालत नाही. ज्याचे परतीचे भाडे नक्की नाही, तो जाण्याच्या फेरीतच दोन्ही फेऱ्यांचे डिझेल वसूल करू पाहतो. त्याची किंमत पाटे, टायर, ब्रेक आणि कधी माणसाचा जीव देतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. एका पावतीत महिन्याचा हप्ता जातो.

तिसरी फेरी : जाताना 15 क्विंटल कापूस, येताना 15 क्विंटल खत, सिमेंट किंवा किराणा. दोन्ही बाजूंनी 4.5, एकूण 9 लिटर. ॲव्हरेज अवघे 10, तिन्ही फेऱ्यांत सर्वांत कमी. आणि क्विंटलमागे डिझेल 0.30 लिटर, तेही तिन्हींत सर्वांत कमी, कायदा न मोडता आणि पाटा न तोडता.

ज्या फेरीचे ॲव्हरेज सर्वांत वाईट, तीच सर्वांत काटकसरीची. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप माणसे वाहणाऱ्या मोटारीतून उसने आले आहे. माल वाहणाऱ्याला ते फसवते. त्याचे खरे माप ‘क्विंटलला किती लिटर’ हे आहे, आणि ते सुधारायचे तर इंजिनापेक्षा परतीचे भाडे महत्त्वाचे ठरते. पण जो भाग कच्चा माल बाहेर पाठवतो, तोही मोसमात एकदम, त्याला परतीचा माल त्या दिवशी, त्या ठिकाणी मिळेलच असे नाही. कापूस आणि ऊस एकाच हंगामात निघतात. खत पेरणीच्या वेळी लागते. पाथरीच्या पिकअपचे ॲव्हरेज असे शेतीच्या वेळापत्रकाने बांधलेले आहे.

डिझेलचे डिझेल

इंधनाचा भाव हा या हिशेबाचा शेवटचा आणि सर्वांत अस्थिर आकडा. दीर्घकाळ डिझेलचा दर सरकार ठरवत असे. जानेवारी 2013 पासून तो थोडा थोडा वाढवण्यात आला, ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाला आणि 16 जून 2017 पासून रोज बदलू लागला. आर्थिकदृष्ट्या त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. पण पूर्वी तेलाच्या भावातला चढउतार सरकारी तिजोरी काही अंशी झेलत होती, तो आता थेट पंपावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आला. मोठ्या कंपन्यांच्या वाहतूक करारांत डिझेलप्रमाणे भाडे बदलण्याचे कलम घालता येते. मोंढ्यातल्या तोंडी भाड्याला कलम नसते.

त्यातच परभणीची जागा अडचणीची. 2018 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये राज्यातल्या सर्वांत महागड्या इंधनाच्या बातम्यांत या जिल्ह्याचे नाव सतत येत राहिले. कारण साधे होते : इथले इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून टँकरने येते. म्हणजे पाथरीकराच्या टाकीत पडणाऱ्या डिझेलच्या भावात ते आणण्यासाठी जळलेल्या डिझेलचा वाटाही असतो. 1900 मध्ये रूळ मनमाडपर्यंत गेले आणि पाथरी बाजूला राहिले. सुमारे शतकभराने पाइपलाइन मनमाडपर्यंत आली आणि पुढचा रस्ता पुन्हा ज्याचा त्याने काटायचा.

‘ॲव्हरेज’ या शब्दाचे कूळ शोधताना बहुतेक कोशकार अरबी भाषेतल्या, खराब झालेला माल या अर्थाच्या शब्दापर्यंत जातात. भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांकडून तो युरोपात गेला. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्याचा माल गेला त्या एकट्याचे नसे. जहाजावर माल असलेल्या सगळ्यांमध्ये ते प्रमाणात वाटले जाई. त्या वाटणीतूनच पुढे सरासरी हा अर्थ आला, आणि सागरी विम्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे.

मालवाहतुकीत जन्मलेला शब्द फिरून मालवाहतुकीतच आला, पण वाटून घेणे हा त्याचा अर्थ वाटेत कुठेतरी गळून पडला. परतीची रिकामी फेरी, खचलेला रस्ता, तीनशे किलोमीटरवरचा डेपो आणि बदलता भाव यांतला एकही चालकाने निर्माण केलेला नाही. त्यांचा भाग मात्र व्यापारी, ग्राहक, कारखाना, सरकार यांच्यात प्रमाणात वाटला जात नाही. तो टाकी फुल्ल करून वहीत भागाकार करणाऱ्या एकट्या माणसाच्या नावे पडतो, आणि आपण त्याला विचारतो, गाडी ॲव्हरेज किती देते?